बर्फात कुत्रा फिरवायचाय, मुंबईकराला सल्ला हवा

मुलुंडचा_म्हातारा

मंडळी, डिसेंबरात आम्ही दोघं लेकाकडे कॅनडात कॅल्गरीला चाललोय. मुक्काम मार्चअखेरपर्यंत. लेक-सून दोघंही ऑफिसला जाणार, त्यामुळे दुपारची फेरी माझ्या वाट्याला आली आहे. फेरी म्हणजे त्यांच्या लॅब्राडोरची. नाव खरवस, वय चार, वजन ३२ किलो. परवा व्हिडिओ कॉलवर सून म्हणाली, "बाबा, उणे पंचवीस असलं तरी त्याला बाहेर न्यावं लागतं हं." इतक्या सहज म्हणाली की आमच्या हिने हातातला चहा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघायला लागली.

कुत्र्यांची मला सवय आहे. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीचा काळू रोज सकाळी माझ्याबरोबर दूध आणायला येतो. पट्टा-बिट्टा काही नाही, तो पुढे, मी मागे. पण बर्फ आयुष्यात एकदाच पाहिलाय, रोहतांगला, तोही भाड्याचा कोट आणि भाड्याचे गमबूट घालून.

तर, किती थंडीत कुत्र्याला न्यायचं आणि कधी नाही म्हणायचं? कपडे-बूट खरंच लागतात की नुसती हौस? आणि ३२ किलोच्या जनावराने हिसका दिला तर बर्फावर मी उभा कसा राहणार? वय ६६, उजवा गुडघा कुरकुरतो. टिंगल चालेल, पण सोबत एखादा सल्लाही टाका.

बोका_नंबर_वन

कुर्ल्याच्या मॉलमध्ये बर्फाची खोली आहे. काळूला घेऊन जा, तालीम करा. (हलकेच घ्या.)

गिरगावची_सून

काका, माकडटोपी न्या. लेक लाजेल, लाजू दे. मी दोन हिवाळे टोरांटोत काढलेत, कान आणि कपाळ झाकलेलं असलं की निम्मं काम होतं. इथून जाडजूड स्वेटरांचं गाठोडं मात्र नेऊ नका. आत थर्मल, मध्ये लोकरीचं किंवा फ्लीसचं काहीतरी, वर वारा अडवणारं जॅकेट. आणि बूट तिथेच घ्या. आपल्याकडच्या बुटांचे तळवे त्या थंडीत कडक होतात आणि सरकतात.

रॉकीचा_शेजारी

मूळचा डोंबिवलीचा, आता बरीच वर्षं कॅल्गरीत. घरी बीगल आहे. काका, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरा धोका कुत्र्याला कमी आणि तुम्हाला जास्त आहे.

उणे वीसमधला कोरडा, भुसभुशीत बर्फ घसरडा नसतो. बुटाखाली कुरकुर वाजतो आणि पाय छान पकडतो. वाईट दिवस कोणता, तर जेव्हा हवा 'छान' होते तो. कॅल्गरीला रॉकी पर्वतांवरून चिनूक नावाचा कोरडा, गरम वारा उतरतो. सकाळी उणे अठरा आणि दुपारी शून्याच्या वर, असं काही तासांत होऊ शकतं. पश्चिमेला ढगांची लांबलचक कमान दिसली की समजायचं आला. लोक जॅकेटं उघडून फिरतात, छपरांवरून पाणी ठिबकतं. मग रात्री तेच पाणी फुटपाथवर गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पारदर्शक काच तयार. खालचा रस्ता दिसतो, वरचा बर्फ दिसत नाही. त्या दिवशी फुटपाथ सोडून कडेच्या साठलेल्या बर्फावरून चाला. बुटांना ताणून बसवायचे रबरी पट्टे मिळतात, त्यांना खालून खिळे असतात. ते लेकाला आत्ताच आणून ठेवायला सांगा. फक्त घरात किंवा दुकानात शिरताना काढा, फरशीवर ते उलटे घसरतात.

आता हिसका. कॅल्गरीच्या वस्त्यांतून पांढऱ्या शेपटीचे मोठे रानससे सर्रास फिरतात. उन्हाळ्यात करडे, हिवाळ्यात पांढरेशुभ्र. बर्फात बसलेला ससा तुम्हाला दिसणार नाही, खरवसला मात्र कळलेला असेल. ससा उठला की तुमचा खांदा गेलाच म्हणून समजा. म्हणून पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, मुठीत धरायचा. वेळ आली तर सोडून द्यायचा. कुत्रा परत येतो, खुब्याचं हाड लवकर येत नाही. पाठीऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या, ओढला की कुत्रा आपोआप बाजूला वळतो. तो गुंडाळी होणारा, लांब सुटणारा पट्टा असेल तर तो मार्चपर्यंत कपाटात राहू द्या.

किरकोळ गोष्टी: मोबाइल आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात बॅटरी बघता बघता उतरते. शीच्या पिशव्या घरातूनच उघडून न्या, हातमोजे घालून त्या सुटत नाहीत. आणि थंडीत हात गारठलेले असताना ती भरलेली पिशवी हातात धरायला... असो, अनुभवाल. तिथे उचलावंच लागतं, दंड आहे. न उचललेलं सगळं बर्फाखाली जमा होतं आणि एप्रिलमध्ये एकदम वर येतं. गल्लीत कोण कसा आहे ते तेव्हा कळतं.

मुलुंडचा_म्हातारा

ससा! याची कोणी कल्पना दिली नव्हती. काळू मांजरालाही वाट देतो हो.

दवाखाना_दादर

मी पशुवैद्य आहे. बर्फातले पेशंट मी पाहत नाही, पण थंडीने कुत्र्याच्या शरीराचं काय होतं ते मुंबईतही तेच शिकवतात.

लॅबच्या अंगाची काळजी करू नका. त्याला दुहेरी कोट असतो, आत दाट मऊ लव आणि वर तेलकट, पाणी न धरणारे केस. त्याचं शरीर ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं आणि चालता कुत्रा स्वतःच शेगडी असतो. धडधाकट, चार वर्षांच्या लॅबला उणे दहापर्यंत बहुतेक वेळा स्वेटरची गरज पडत नाही. तुम्ही बघायचे ते पाय.

पंजा गोठत कसा नाही, याचं उत्तर फार सुंदर आहे. पंजात गरम रक्त नेणारी धमनी आणि गार रक्त परत आणणाऱ्या बारीक शिरा एकमेकींना अगदी चिकटून असतात. जाणारं रक्त येणाऱ्याला तापवतं, त्यामुळे गार रक्त तसंच्या तसं शरीरात परत येत नाही आणि पंजाही गोठणबिंदूच्या वर राहतो. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये कुत्र्यांच्या पंजांत ही रचना दाखवून दिली. पेंग्विनच्या पायांत आणि डॉल्फिनच्या परांत ती आधीपासून माहीत होती.

पण ही सोय थंडीसाठी आहे, मिठासाठी नाही. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, साधं सोडियम क्लोराइड, कधी कॅल्शियम क्लोराइड. ते बोटांच्या बेचक्यात जाऊन बसतं, भेगांतून चुरचुरतं. घरी आल्यावर कुत्रा पाय चाटतो आणि मीठ पोटात जातं. मग उलट्या, जुलाब, खूप तहान. म्हणून दाराजवळ कोमट पाण्याचा टोप आणि जुना टॉवेल. कोमट म्हणजे कोमट, गारठलेल्या पंजावर कढत पाणी ओतायचं नाही. बेचक्यात केस वाढलेले असतील तर तळव्याच्या पातळीत कापून घ्या, त्या केसांवर बर्फाचे खडे धरतात आणि चालताना रुततात. तळव्यांना मेणाचा मलम मिळतो, तोही चालतो.

गॅरेजमध्ये किंवा गाडीखाली हिरवट, निळसर पाणी सांडलेलं दिसलं तर कुत्र्याला आधी मागे खेचा. गाडीच्या रेडिएटरचं पाणी गोठू नये म्हणून वापरतात त्या द्रवात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड आणि मूत्रपिंडाचा घात करणारं. थोडंसंही पुरतं. तिथे 'संध्याकाळपर्यंत बघू' करायचं नाही, लगेच डॉक्टर.

नाही कधी म्हणायचं? आकड्यापेक्षा कुत्र्याकडे बघा. आळीपाळीने पाय उचलतोय, थांबतोय, घराकडे तोंड करतोय, शेपूट आत घेऊन कापतोय, की फेरी संपली. शू-शी झाली की घरी. उणे पंचविसाच्या खाली दहा मिनिटंसुद्धा पुष्कळ. वारा असेल तर त्याहून कमी, हवामानाच्या ॲपमध्ये वारा धरून 'वाटणारं' तापमान वेगळं देतात ते बघा. कानांची टोकं आणि शेपटीचं टोक घरी आल्यावर हाताने तपासा.

तळमजला_००२

वा. माणसांना फुटपाथ नाही आणि इथे कुत्र्यांच्या पायाच्या शिरांवर निबंध. आमच्या सोसायटीत परवा १९ डिग्री होतं आणि एकजण पग जातीच्या कुत्र्याला लाल स्वेटर आणि टोपी घालून फिरवत होता. त्या पगच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी सासुरवाडीला फेटा बांधून बसवलेल्या जावयाच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

बाय द वे, फिरवतात ठीक. उचलतं कोण? गेटसमोर रोज दर्शन होतं.

बोका_नंबर_वन

तळमजला, उचलण्याबद्दल +१. आमच्या विंगेत दोघे उचलतात, बाकीचे 'माती आहे, जिरेल' म्हणतात. पेव्हर ब्लॉकमध्ये काय जिरणार?

पण कुत्र्यांवर चर्चा हे मुंबईला नवीन नाही. १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, तर जूनमध्ये फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले होते. दुकानं बंद, बाजार बंद, लष्कराच्या छावणीची रसदसुद्धा अडवली. शेवटी सैन्य बोलावलं. आपण तर नुसता धागा काढलाय.

हस्कीवाले_कांदिवली

आमच्याकडे सायबेरियन हस्की आहे, म्हणून लिहितोय. काका, तुम्ही जिथे चाललाय तिथे तो सुखात राहिला असता. आमचा एसीत असतो, सकाळी पाच वाजता आणि रात्री अकरानंतर बाहेर काढतो. डिसेंबर-जानेवारीत तो जरा माणसात येतो. जिममध्ये गेल्यासारखा धावतो, हवेत नाक वर करून उभा राहतो. लोक म्हणतात 'मुंबईत हस्की म्हणजे क्रूरता'. नीट सांभाळलं तर राहतो.

दवाखाना_दादर

हस्कीवाले, तुम्ही काळजी घेता हे दिसतंच आहे, पण 'नीट सांभाळलं तर राहतो' हे वाचून उद्या चार जण पिल्लू आणतील, म्हणून स्पष्ट लिहितो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तळव्यांना थोडा येतो तेवढाच. बाकी बरीचशी उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवायची. धाप म्हणजे जिभेवरच्या, श्वासातल्या ओलाव्याची वाफ होणं. मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की वाफ होणार कुठे? कुत्रा धापा टाकत राहतो आणि गार होत नाही. एसी आहे, मान्य. वीज गेली की? लिफ्ट बंद पडली की? तुमच्याकडे आहे त्याला सुखाने ठेवा, नवीन कोणी आणू नका, एवढंच.

आणि उन्हाळ्यात त्याचे केस अजिबात भादरू नका. तो कोट ऊनही अडवतो आणि एकदा भादरला की कधीकधी नीट परत येत नाही.

स्वेटरबद्दल तळमजला यांच्या बाजूने: मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४, २२ जानेवारी १९६२ चं. आपला नेहमीचा हिवाळा त्याच्या आसपासही जात नाही. म्हातारा, सांधे धरलेला कुत्रा, अगदी लहान पिल्लू किंवा शस्त्रक्रियेसाठी भादरलेला पेशंट असेल तर घाला. बाकी स्वेटर फोटोसाठी.

मुंबईच्या हिवाळ्यात त्रास हवेचा होतो. रात्री-पहाटे वारा पडलेला असतो, समुद्रावरचा वारा उशिरा येतो आणि मंद असतो, त्यामुळे धूळ-धूर जमिनीलगत कोंडून राहतो. आणि कुत्र्याचं नाक कुठे असतं? जमिनीपासून वीतभर. पग, शिट्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना तर श्वास घ्यायला आधीच कष्ट. धुरकं दिसत असेल तर पहाटेची लांब फेरी नको, फक्त उरकून आणा. दुपारी चारनंतर वारा सुटल्यावर हवा बरी असते. रस्त्यात बांधकाम चालू असेल तर ती गल्ली टाळा.

हस्कीवाले_कांदिवली

नवीन आणू नका याला माझाही पाठिंबा आहे. आम्ही तो एका कुटुंबाकडून घेतला, त्यांना झेपेना म्हणून. ब्रीडरकडून नाही.

तळमजला_००२

मग तुमच्याबद्दलचं माझं मत बदललं. उचलता ना?

हस्कीवाले_कांदिवली

उचलतो हो.

आरेवाली

काका, कॅल्गरीत कायोटी असतात ना? कोल्हा-लांडग्याच्या मधलं काहीतरी. कोणीतरी सविस्तर लिहा, कारण आमच्याकडे बिबट्या आहे आणि नियम बरेच सारखे असावेत.

गोरेगावच्या आरे कॉलनीत राहणाऱ्यांना हे माहीत असतं, पण फिरायला बाहेरून येणारे लोक कुत्र्याला मोकळा सोडतात, म्हणून लिहिते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०० चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि त्याला लागूनच आपण. बिबट्याच्या खाण्यात या भागात कुत्रा मोठ्या प्रमाणावर असतो, हे अभ्यासांतही आलंय. हिवाळ्यात उजाडतं उशिरा, सहाला अंधारच असतो, आणि धुक्यात आरे फार देखणं दिसतं म्हणून लोक नेमके तेव्हाच येतात. पूर्ण उजाडल्याशिवाय नाही, कुत्रा आखूड पट्ट्याने आपल्या शेजारी, झुडपात तोंड घालू द्यायचं नाही, कानात इअरफोन नाही. कुत्रा एकदम थबकला, अंगावरचे केस उभे राहिले, तर मागे वळायचं. 'काही नाही रे' म्हणून ओढत पुढे न्यायचं नाही. त्याचं नाक आपल्यापेक्षा शहाणं.

मुलुंड पश्चिमेच्या डोंगराकडच्या सोसायट्यांनाही हे लागू आहे. पूर्वेला तुम्ही सुखी.

रॉकीचा_शेजारी

आरेवाली, अगदी बरोबर. कायोटी शहरभर आहेत, दरीतल्या आणि नदीकाठच्या झाडीत जास्त. जानेवारी ते मार्च त्यांचा जोडीचा काळ, तेव्हा जरा धीट होतात. माणसावर सहसा येत नाहीत, लहान कुत्र्याला धोका असतो. ३२ किलोच्या लॅबला कमी, पण मोकळा सोडला की तो त्यांच्या मागे जातो आणि मग कोण कोणाच्या मागे आहे ते कळत नाही. दिसला तर पळायचं नाही. कुत्रा जवळ घ्या, अंग मोठं करून उभे राहा, ओरडा, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे या. मराठीतून ओरडलं तरी चालतं, मी ओरडलोय.

त्याहून मोठी भीती मला नदीची वाटते. बो नदी शहरातून वाहते, काठाने सुंदर वाटा आहेत. वरून गोठलेली दिसते, खाली प्रवाह चालू असतो आणि बर्फ कुठे किती जाड आहे ते दिसत नाही. कुत्रा बर्फावर गेला तर हाक मारा, खाऊ दाखवा. पाण्यात पडला तर ९११ हा तिथला आपत्कालीन नंबर लावा. त्याच्या मागे तुम्ही जायचं नाही, काहीही झालं तरी. कुत्र्याला वाचवायला उतरलेली माणसंच बुडतात.

अजून एक. डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला गडप. दुपारची फेरी तुमच्याकडे आली म्हणजे सर्वांत चांगली वेळ मिळाली. तीनच्या आत आटपा. तरी एक चमकणारी पट्टी तुम्हाला आणि एक दिवा खरवसच्या गळ्यात असू द्या.

गिरगावची_सून

आणि हवा इतकी कोरडी असते की कुत्र्याच्या नाकाला बोट लावलं की ठिणगी उडते. दोघंही दचकतात. खोबरेल तेल न्या, तुमच्या हातांना आणि टाचांना लागेल.

मुलुंडचा_म्हातारा

सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून हिला वाचून दाखवलं. बिबट्यापाशी थांबवलं तिने. तिचा एक प्रश्न आहे आणि तो मला पटला: आम्ही नसताना काळूचं काय? त्याला स्वेटर नको हे कळलं. गोणपाट टाकून ठेवू का जिन्याखाली?

दवाखाना_दादर

गोणपाट उत्तम. जमिनीवर थेट नाही, खाली पुठ्ठा किंवा लाकडी फळी टाका, फरशीचा गारवा खालून लागतो. धुतलं जाईल असं दोन-तीन जणांत ठरवून घ्या, ओलं राहिलं तर त्यात गोचीड आणि बुरशी. अँटिरेबीजचा डोस कधी येतो ते लिहून कोणाच्या तरी ताब्यात द्या. आणि खाणं एकानेच, एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी द्यायचं, गेटसमोर नाही. तुम्ही गेल्यावर तो दूध केंद्रापर्यंत एकटा जाणार आणि तुम्हाला शोधणार, हे गृहीत धरा. जो कोणी दूध आणणार असेल त्याच्याशी आधी दोन आठवडे ओळख करून द्या.

बोका_नंबर_वन

काळूची फेरी मी घेऊ शकतो. मी नीलम नगरला राहतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मुलुंडचा_म्हातारा

बोका, टिंगल माफ. व्यनि केलाय.

शेवटचं, बुटांचं. सुनेला विचारलं. म्हणाली, रस्त्यावर मीठ असतं तेव्हा आणि फार थंडीत घालतो, पण खरवसकडे तीनच बूट आहेत. चौथा गेल्या मार्चमध्ये बर्फात निघाला तो सापडलाच नाही. तिकडे सुटा मिळतो का?

रॉकीचा_शेजारी

सुटा नाही मिळत काका, चाराचाच संच घ्यावा लागतो. माप घेताना त्याला कागदावर उभं करा आणि दुसरा पाय उचलून धरा, म्हणजे वजन पडून पंजा पसरतो, त्याचं माप खरं. घरातच थोडा थोडा वेळ घालून सवय करा, पहिल्यांदा तो घोड्यासारखे पाय उचलेल, हसू नका, रुसतो. वेलक्रो घोट्याच्या अरुंद भागावर आवळा, त्याच्या वर नाही, नाहीतर निघतोच. आणि जुने तीन टाकू नका. फेब्रुवारीपर्यंत नव्यातले दोन जातील.